मोठ्यानं खोकायची जागा

लोकांचा बेडका गोळा करायची नोकरी लागली, असं मी घरी सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. "दुसरं काही मिळालं नाही का?" म्हणाला. नव्हतं मिळालं. द्राक्षांच्या पॅकिंगला उभं राहून माझी कंबर कामातून गेली होती, आणि ही नोकरी गावोगाव हिंडून बोलायची होती. बोलायचं म्हटल्यावर मी कुणाला हार जाणार? आमच्या वारूळवाडीत भाजीवालासुद्धा मला लांबून बघूनच भाव उतरवतो.

काम असं होतं. पुण्याच्या काही डॉक्टरांनी जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये क्षयरोगावर संशोधन काढलं होतं. तिथून दवाखाना लांब, एसटी येते तेव्हा येते, आणि भाताची कामं चालू असताना खोकल्यासाठी रोज बुडवून तालुक्याला कोण जाणार? म्हणून पेशंटची वाट बघायची नाही, आपणच घरोघर जायचं. खोकला आहे का, ताप येतो का, अंग उतरलंय का, विचारायचं. घरातल्यांची संमती घेऊन बेडका घ्यायचा, तो तपासायचा आणि जंतू निघाले तर औषध सुरू करायचं. असं केल्यानं वाडीतला रोग खरंच आटोक्यात येतो का, हे त्यांना बघायचं होतं. क्षय हवेतून पसरतो. सगळे एकाच खोलीत झोपतात अशा घरात एक जण खोकत राहिला की बाकीच्यांची काय कथा! पण औषध लागू पडलं की थोड्या आठवड्यांत त्याच्यापासून दुसऱ्याला व्हायचा धोका उतरतो. सगळं त्या खोकणाऱ्या माणसाला वेळेत शोधण्यावर होतं, आणि शोधायला आम्ही होतो.

जुन्नरच्या बाजारपेठेत एका बांगड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. सकाळी तिथून नळ्यांचा डबा घ्यायचा, जीपमध्ये बसायचं आणि डोंगर गाठायचा. नियम पक्का होता. नमुना घराबाहेर अंगणात, उघड्या हवेत घ्यायचा, म्हणजे जंतू घरात राहायला नकोत. आणि आमच्या डोळ्यांसमोर घ्यायचा, म्हणजे एकाच्या नळीत दुसऱ्याचं जायला नको. खोल श्वास घ्यायचा, छातीच्या तळातून खोकायचं, घट्ट बेडका नळीत टाकायचा. मी हे इतक्या अंगणांत करून दाखवलं की घरी जेवताना जरा घसा साफ केला तरी माझी पोरं म्हणायची, "आई, इथं नको हं."

पुरुषांचं काही विचारू नका. नळी हातात दिली की असे खाकरायचे की छपरावरचे कावळे उडायचे. बायका मात्र नळी पदराआड धरायच्या, जरासं हूं हूं करायच्या आणि झाकण लावून परत द्यायच्या. आत नुसता फेस. लाळ. प्रयोगशाळेचं उत्तर यायचं, जंतू आढळले नाहीत. लाळेत कुठून आढळणार? आम्ही पुन्हा समजावून सांगायचो, पुन्हा नळी द्यायचो, पुन्हा फेस. मग दिला ना नमुना, झालं, असं म्हणून पुढच्या घरी.

बैठकीत आमच्या मॅडम, म्हणजे संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर, म्हणाल्या की या भागात बायकांमध्ये क्षय फारच कमी दिसतोय. बिडी, दारू, बाहेरची मजुरी, अशी पुरुषांची कारणं निघाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या वाट्याला काहीतरी कमी आलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, पण पटेना. आजारी माणसाच्या उशाशी कोण बसतं? चुलीपुढं कोण असतं? सगळ्यांचं झाल्यावर खालचं खरवडून कोण खातं? आणि हा रोग तेवढा आम्हाला सोडून देणार? मी तसं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणणं खरं वाटतंय, पण नमुने तसं सांगत नाहीत ना." नमुने पुढं केले की माझं डोकं फिरतं.

त्यात आंबेगावच्या बाजूच्या एका वाडीतलं ते घर. वाडीच्या शेवटाला, मागं उतार, पुढं भाताची खाचरं. घरात सासू, सासरा, सून आणि सुनेची तीन-चार वर्षांची मुलगी. सुनेचा नवरा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलायला, सुट्टी मिळाली की घरी यायचा. सून म्हणजे पंचविशीच्या आतली पोर, पण गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली. संध्याकाळी ताप चढतो म्हणाली. खोकला येतो का विचारलं तर आधी सासूकडे बघितलं. मी दोनदा तिचा नमुना घेतला आणि दोन्हीदा लाळ. दोन्हीदा उत्तर तेच, काही नाही.

घरात बोलायचं काम सासूकडं. मी प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर दारातून तीच द्यायची. गालात कायम बाळहिरड्याचा तुकडा, डोक्यावर घट्ट पदर, आणि आवाज असा की खालच्या वाडीला ऐकू जावा. तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला खोकला?" तर म्हणाली, "मला काय धाड भरलीया? धुरानं जरा घसा खवखवतो, त्यो काय खोकला व्हय?" सासरा अंगणात बाजेवर बसून दावं वळत होता. तो काही बोलायचा नाही, फक्त अधूनमधून जोरात खाकरायचा.

दुसरं उत्तर सांगायला गेले त्या दिवशी सासू म्हणाली, "तुमच्या मशिनीत काय न्हाई आलं ना? मंग आता माझं आयका. हिचा बाप खोकून खोकूनच गेला. हिनं त्ये माह्यारनं आणलंय. तुमच्याकडं औषिद न्हाई, माझ्याकडं बसवून खायला घालायला न्हाई. भाताची झोडणी झाली की धाडनार हिला माह्यारी."

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"पोरगी आमची हाये. ती हितंच ऱ्हाईल."

सून चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले आणि परत चालू झाले. मी म्हटलं, "मावशी, अहो, तुमची सून आजारी आहे, तिला असं कसं धाडता?" तर म्हणाली, "लई माया आली आसंल तर घिऊन जा तुमच्या घरी." अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! पण मी बोलणार कशाच्या जोरावर? माझ्याच डब्यातल्या नळीनं सांगितलं होतं की हिला काही नाही. जीप वाडीतून बाहेर पडेपर्यंत मी त्या बाईला मनातल्या मनात जे काही बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. सकाळची वेळ, मी स्वयंपाकघरात चहा टाकलेला, बाहेर ओट्यावर सासरे पेपर वाचत बसलेले. घशात कफ दाटला. मी सवयीनं तो गिळला. परत आला, परत गिळला. मग परसदारी मोरीकडं गेले, नळ मोठा सोडला, आणि पाण्याच्या आवाजात हळूच घसा मोकळा केला. परत आले आणि गाळणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. अगं बाई! मी, जिच्या तोंडाला सगळं गाव बिचकतं, ती सासऱ्यांच्या कानावर खाकरणं पडू नये म्हणून नळ सोडते!

मला कुणी असं कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. आमच्याकडं घरातला मोठा माणूस दारात आला की खाकरतो, म्हणजे आतल्या बायकांनी पदर सावरावा. खाकरणं हे गड्यांचं. बाई खाकरली की ऐकणारे म्हणतात, काय बया आहे का गडी! लहानपणी मी एकदा भावासारखं खाकरून दाखवलं तर आईनं असे डोळे वटारले होते की पुन्हा हिंमत झाली नाही. आणि आम्ही काय करत होतो? सासरा समोर बाजेवर बसलेला, सासू दारात, शेजारच्या कुडावरून चार तोंडं बघतायत, आणि तशात सुनेला सांगत होतो, हं, खाकर छातीच्या तळातून! ती लाळच देणार. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

चहा उतू गेला. गॅस बंद केला आणि मॅडमना फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं, नळ सोडल्याचंसुद्धा. मग मॅडम म्हणाल्या, "आणि मी माझ्या सासरी बाथरूममध्ये जाऊन शिंकते." आम्ही दोघी हसलो, पण मला रडूही येत होतं. त्या सुनेचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

मी म्हटलं, बायकांना वाडीबाहेर नेऊ, जिथं गडी फिरकत नाहीत अशा जागी, तिथं घेऊ नमुने. उघडी हवा पाहिजे ना? डोंगरात हवेला काय तोटा! मॅडमना पटलं, पण संशोधनात असं मनाला आलं म्हणून नियम बदलता येत नाही. त्यांना वरच्या समितीला विचारावं लागणार होतं. मी ताडताड बोलले, "तुमची समिती बसेपर्यंत तिकडं झोडणी होईल." त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी मागं लागते. तुम्ही बायका जमतील का ते बघा." त्या मागं लागल्या ते खरं, पण मंजुरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज त्या वाडीचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला फोन करायचे, "धाडली का गं तिला?" ती म्हणायची, "न्हाई अजून. पन खळ्यात पेंढ्या थोड्याच ऱ्हायल्यात."

मंजुरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वाडीच्या मागं एक टेपाड आहे, तिथं बायका सरपणाला जातात. गडीमाणूस तिकडं जात नाही, ती वाटच बायकांची. आशाताईनं घरोघर निरोप दिला होता, मोळीला निघायचं म्हणून. त्या घरची सून आली, आणि तिच्यामागोमाग सासूही. "हिला येकटीला न्हाई सोडायची मी तुमच्या संगं," म्हणाली. मी मनात म्हटलं, संपलं! ही बसली समोर की पोर परत फेस देणार. पण नको कसं म्हणणार? घरातल्या सगळ्यांची संमती घेतलेली, आणि टेपाड काही माझ्या बापाचं नव्हतं.

वर पोचलो. वारा पाठीशी घेऊन बायकांना लांब लांब उभं केलं, नळ्या वाटल्या, कसं करायचं ते सांगितलं. सगळ्या एकमेकींकडं बघून पदरात तोंड घालून हसायला लागल्या. कुणी सुरुवात करेना. मग मी तोंड डोंगराकडं केलं आणि असं खणखणीत खाकरून दाखवलं की पलीकडच्या माळावरून टिटवी ओरडत उठली. बायका खाली बसल्या हसून हसून. एक म्हणाली, "बया, ही तर पैलवान गडी हाये!" पण हसून झाल्यावर पुन्हा तेच, मांजरीसारखं हूं हूं.

सासू एका दगडावर बसून हे बघत होती. तिचं डोकं सटकलं. "काय गं तुमी आजकालच्या पोरी! खायाला लागतं पोटभर आन् येक बेडका काढता येत न्हाई? गड्यांचं आयकता न्हवं रोज सकाळी? ह्ये बघा, आसं." गालातला हिरडा काढून हातात घेतला, उभी राहिली, कंबरेवर हात ठेवले आणि छातीच्या पार तळातून खाकरली.

शंभरात एक असं खाकरणं. पण ते थांबेना. एक झाला, दुसरा, तिसरा, खोकल्यावर खोकला, तिनं दगडाला धरलं, डोळ्यांतून पाणी आलं, मान लाल झाली. सून पुढं धावली, पाठीवर हात ठेवायला गेली आणि मग घाबरून हात मागं घेतला. खोकला निवला तेव्हा सासूनं पदरानं तोंड पुसलं आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "धूर हाये चुलीचा. लगीन झाल्यापासनं हाये."

म्हणजे इतकी वर्षं ती हे दाबत होती. हिरडा चघळून, गिळून, नवऱ्यासमोर, सासूसमोर, मग सुनेसमोर. मी नवी नळी काढली आणि तिच्यापुढं धरली. "मावशी, तुम्ही दाखवलंत तसं कुणालाच जमणार नाही. ह्यात एकदा द्या, म्हणजे ह्यांची भीड मोडेल." पोरींना शिकवायचं म्हटल्यावर ती कशाला मागं सरतेय? भरली नळी. आणि मग काय विचारता, सगळ्या सुटल्या. टेपाडावर असा काही खोकल्याचा कल्लोळ झाला की खाली वाडीत कुणाला वाटलं असेल, वर भांडण लागलंय. सुनेनं आमच्याकडं पाठ केली आणि दोन्ही हातांनी नळी धरून खोकली. परत दिली तेव्हा आत पहिल्यांदाच घट्ट, पिवळा बेडका होता. मला त्या घाणीचा इतका आनंद झाला की काय सांगू!

फोन आला तेव्हा मी कळंबला मावसबहिणीकडं हळदीला गेले होते. ऑफिसातून म्हणाले, सुनेच्या नमुन्यात जंतू आहेत. जीव भांड्यात पडला म्हणावं तर बातमी क्षयाची, पण पडला खरा, कारण आता औषध होतं. मग म्हणाले, "सासूच्या नमुन्यातही आहेत. तिच्यात तर कितीतरी जास्त."

दुसऱ्या दिवशी दोघींना वेगवेगळं गाठून जिचं तिला सांगितलं. तसाच नियम आहे, आणि चांगला आहे. सुनेला गोठ्यामागं सांगितलं. तिनं रोगाबद्दल काहीच विचारलं नाही. "मंग माझी पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल ना, ताई?" एवढंच. सासूला सांगितलं तर ती उसळली, "नळी बदलली तुमची!" मी म्हटलं, चला, छातीचा फोटो काढू, मग बोला. जीपमधून दोघींना, मुलीलाही बरोबर घेऊन, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सासूचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "आजी, हे आजकालचं नाही. बरंच जुनं आहे." सुनेला मात्र रोग नुकताच लागलेला दिसत होता. कुणाकडून कुणाला, असं ते काही बोलले नाहीत, आणि खोलीत कुणाला विचारायची गरजही पडली नाही. दोघींची औषधं ठरली, सहा महिन्यांची, लहान मुलीची तपासणीही करून घेतली. तिला रोग नव्हता, होऊ नये म्हणून गोळ्या मिळाल्या.

येताना जीपमध्ये सासू खिडकीशी बसली होती, तोंडाला मास्क. घोडेगाव मागं पडलं, चढ लागला, तरी ती बाहेरच बघत होती. इतके दिवस मी त्या बाईची जिरावी म्हणून वाट बघत होते, आणि जिरली तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. मुलगी सुनेच्या मांडीवर झोपली होती.

घरी पोचलो. सासरा बाजेवरून उठला. "काय निघालं?" त्यानं बायकोला विचारलं. त्या घरात उत्तर द्यायचं काम तिचं, पण ती तशीच आत गेली. सासऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी सुनेकडं. सुनेनं पदर पुढं ओढला, आणि मी तिचा आवाज सासऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकला. "मामंजी, आमा दोगींना बी औषिद चालू झालंय. घरात उजेड-वारा खेळता ठेवायचा, तुमी पडवीत झोपायचं. सहा म्हयन्यांत बरं व्हतं म्हनत्यात." कुणाला आधी, कुणाकडून, ह्यातलं काही नाही. सासऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा दावं हातात घेतलं.

गोळ्यांची पाकिटं द्यायला मी आत गेले. सासू परसदाराच्या उंबऱ्यावर बसली होती, बाहेर तोंड करून. मी कशा घ्यायच्या ते सांगायला लागले. ती ऐकत नव्हती. मास्क खाली ओढून हळू आवाजात, मला कधी माहीतच नव्हता अशा आवाजात म्हणाली, "बाई, आता मला कुठं धाडत्याल गं? माझ्या माह्यारी कुनी उरलं न्हाई."

मी पाकिटं बाजूला ठेवली. तिच्याशेजारी खाली बसले. "कुठं धाडत नाहीत, मावशी. इथंच राहायचं. गोळ्या खायच्या, बरं व्हायचं."

"खरं सांगतीस?"

"खरं."

चुलीपाशी सुनेनं चहाचं आधण ठेवलं होतं, त्याचा आवाज येत होता. मग सासूनं माझ्या हाताला धरलं आणि काळजीनं विचारलं, जणू सुनेला धाडायला निघालेली मीच होते, "मंग हिला बी न्हाई ना धाडायचं?"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, ते माझं मला ठाऊक. मी म्हटलं, "नाही, मावशी. हिलाही नाही."